‘मोफत नंबरवर ओटीपी घ्या आणि निर्धास्त राहा’: एका व्हायरल सल्ल्याचा प्रतिवाद

गेल्या काही महिन्यांपासून आमच्या भागातील व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश सतत फिरतो आहे. मी अंबाजोगाईत संगणकाचे वर्ग घेतो. त्यामुळे तो मला विद्यार्थ्यांनी पाठवला, नातेवाइकांनी पाठवला, आणि लातूरला शिकवणीसाठी राहणाऱ्या माझ्या भाचीने तर तो पाठवून “मामा, मी हे करू का?” असे विचारले. संदेशाचा आशय असा: ऑनलाइन खरेदी करताना स्वतःचा मोबाइल नंबर कधीही देऊ नका. इंटरनेटवर मोफत आभासी नंबर, म्हणजे स्वतःच्या सिमशिवाय वापरता येणारे नंबर, मिळतात, त्यांपैकी एक टाका, संकेतस्थळावरच ओटीपी वाचा आणि काम झाले की तो नंबर विसरून जा. त्यामुळे तुमची माहिती फुटणार नाही, बँक खाते सुरक्षित राहील, नव्या ग्राहकाची सवलत पुन्हा पुन्हा घेता येईल आणि हे सर्व पूर्णपणे कायदेशीर आहे.

हा सल्ला ज्या त्रासातून लोकांना पटतो तो त्रास खरा आहे. एकदा कुठे नंबर दिला की कर्ज, प्लॉट आणि विमा यांचे फोन सुरू होतात, ते दुपारच्या जेवणातही थांबत नाहीत. म्हणून नंबर जपून द्यावा, या मूळ भूमिकेशी माझा वाद नाही. माझा वाद उपायाशी आहे. भाचीला फोनवर जे सांगितले, तेच येथे सविस्तर मांडतो.

पहिला दावा असा की, मोफत नंबरवर ओटीपी घेतला की माहिती सुरक्षित राहते. येथे हे नंबर चालतात कसे, ते आधी समजून घेतले पाहिजे. अशी संकेतस्थळे बहुधा परदेशातील काही नंबर घेऊन ठेवतात आणि त्या नंबरांवर येणारा प्रत्येक एसएमएस एका उघड्या पानावर छापतात. पानाला पासवर्ड नसतो, नोंदणी नसते. एकच नंबर एकाच वेळी अनोळखी असंख्य लोक वापरत असतात आणि तुम्हाला आलेला कोड जसा तुम्हाला दिसतो, तसाच तो जगात कुठेही बसलेल्या माणसाला दिसतो.

मागच्या महिन्यात मी वर्गात असे एक पान भिंतीवर प्रोजेक्टरने दाखवले. कोणाच्याही खात्यात आम्ही डोकावलो नाही, फक्त पान उघडे ठेवले आणि पाहत बसलो. पाच मिनिटांत कोणाच्या तरी खरेदीच्या खात्याचा कोड आला, कोणाचा ईमेलचा आला, एका संदेशात पासवर्ड बदलण्याची लिंक होती, तर एकात पार्सल कुठवर पोहोचले ते ग्राहकाच्या नावासकट लिहिलेले होते. “हा कोड कोणालाही सांगू नका” अशी सूचना असलेला एक संदेश बावीस मुले-मुली एकाच वेळी वाचत होती. त्यानंतर वर्गात कोणी काही विचारले नाही.

हा केवळ आमच्या वर्गापुरता अनुभव नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा सार्वजनिक नंबरांवर १४ महिन्यांत आलेले सुमारे ४ लाख संदेश तपासून २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले, तेव्हा त्या संदेशांत पासवर्ड आणि क्रेडिट कार्डांचे क्रमांकसुद्धा उघडे पडलेले आढळले. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१७ च्या आपल्या मार्गदर्शक सूचनांत इंटरनेटवरून चालणाऱ्या फोन नंबरांचा अशा पडताळणीसाठी वापर करू नये, असे स्पष्ट म्हटले. कारण साधे आहे. नंबर एका ठरावीक माणसाच्या हातातील ठरावीक फोनशी जोडलेला असेल, तरच त्या नंबरवर आलेल्या कोडाला अर्थ असतो.

खरेदीच्या बहुतेक ॲपमध्ये नंबर आणि कोड एवढ्यावरच खाते उघडते. म्हणजे तुम्ही ज्या नंबरवर नोंदणी केली तोच नंबर उद्या दुसऱ्या कोणी टाकला, तर नवा कोड त्याच उघड्या पानावर येतो आणि तो माणूस थेट तुमच्या खात्यात जातो. तेथे त्याला काय मिळते? तुमचे नाव, घराचा पत्ता, ‘बसस्थानकाच्या मागे, दत्त मंदिराजवळ, दुसरा मजला’ अशी कुरिअरवाल्यासाठी लिहिलेली खूण, तुम्ही आजवर काय मागवले त्याची यादी आणि ॲपच्या वॉलेटमधील शिल्लक. नंबर लपवायला गेलेला माणूस या मार्गाने घराचा पत्ता उघडा करून बसतो. “तुमचे अमुक पार्सल अडकले आहे, दहा रुपये भरा” असे फोन ज्यांना येतात, त्यांना ते खरे वाटतात ते पार्सलचा तपशील बरोबर असल्यामुळे. तो तपशील अशाच ठिकाणांहून मिळू शकतो.

‘काम झाले की नंबर विसरून जा’ हा संदेशातील दुसरा सल्ला. खरेदीचे काम कोड टाकल्यावर संपत नाही, हे त्यात विचारातच घेतलेले नाही. केज तालुक्यातील एका गावाहून माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्याने सोयाबीनचे पैसे हाती आल्यावर वडिलांसाठी मोबाइल मागवला आणि खाते अशाच नंबरावर उघडले. पार्सल आले तेव्हा कुरिअरवाला वर्गाच्या पायऱ्यांशी उभा होता. महागड्या वस्तू हाती देताना कोड विचारला जातो, त्याप्रमाणे त्याने कोड विचारला. विद्यार्थ्याने संकेतस्थळ उघडले, तर तो नंबर यादीतून गेलेला होता. ॲपमधून विद्यार्थी आधीच बाहेर पडला (लॉग-आउट झाला) होता आणि पुन्हा आत जाण्यासाठी त्याच नंबरवरचा कोड हवा होता. कुरिअरवाल्याने दहा मिनिटे वाट पाहिली, मग पार्सल पिशवीत टाकून तो निघून गेला. पैसे काही दिवसांनी परत आले, पण तोवर त्या मुलाने घरी काय सांगितले असेल, याचा विचार मला अजूनही अस्वस्थ करतो. वस्तू परत करणे, बदलून घेणे, वॉरंटी, बिल पुन्हा काढणे, तक्रार नोंदवणे ही सगळी कामे त्याच नंबरावर अवलंबून असतात आणि ती महिन्यांनी उद्भवतात.

बँक खाते सुरक्षित राहील, हा तिसरा दावा तर दोन वेगवेगळ्या ओटीपींची गल्लत करणारा आहे. दुकानाच्या ॲपमध्ये शिरण्याचा कोड दुकान पाठवते. कार्डाने पैसे देतानाचा कोड बँक पाठवते, आणि तो बँकेत नोंदवलेल्या तुमच्या खऱ्या नंबरवरच येतो. दुकानाला तुम्ही कोणता नंबर दिला, याच्याशी बँकेला काही देणेघेणे नसते. ऑनलाइन कार्डव्यवहाराला अशी जादा पडताळणी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून बंधनकारक केलेली आहे, आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांना ग्राहकाच्या कार्डाचा पूर्ण क्रमांक स्वतःकडे साठवताही येत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे कार्डाच्या क्रमांकाच्या जागी दिलेला सांकेतिक क्रमांक, वापरावे लागते. यूपीआयमध्ये तर नोंदणीच्या वेळी फोनमधील सिमवरूनच संदेश जातो. तुमच्या पैशाचे जे संरक्षण आहे ते या व्यवस्थांमुळे आहे. आभासी नंबराने त्यात काडीचीही भर पडत नाही.

सवलतीच्या दाव्याबद्दल थोडक्यात सांगतो. नव्या ग्राहकाची सवलत एका माणसाने एकदाच घ्यावी, ही दुकानाची अट असते. पत्ता तोच, फोन तोच, पैसे देण्याचे खाते तेच असल्यावर ही युक्ती ओळखणे त्यांना अवघड जात नाही. ऑर्डर रद्द होते, खाते बंद होते. शिवाय हे सरळ खोटे बोलणे आहे, आणि आपल्या मुलांना ते शिकवू नये, असे मला मनापासून वाटते.

आता ‘पूर्णपणे कायदेशीर’ या शब्दांकडे वळू. आभासी नंबर ही वस्तूच बेकायदा आहे, असे कोणी म्हणत असेल तर तेही चूक आहे. टॅक्सीचा चालक किंवा जेवण आणणारा मुलगा तुम्हाला फोन करतो तेव्हा अनेकदा मधला नंबर दिसतो आणि दोघांचेही खरे नंबर झाकलेले राहतात. तो आभासी नंबराचाच चांगला उपयोग आहे, आणि त्यामागे कागदपत्रे देऊन नंबर घेतलेली कंपनी असते. प्रश्न येतो तो निराळ्याच ठिकाणी. अनेक भारतीय दुकाने +९१ ने सुरू होणाराच नंबर स्वीकारतात, म्हणून परदेशी मोफत नंबर चालला नाही की मुले टेलिग्रामवर वीस-तीस रुपयांत ‘भारतीय नंबर’ शोधू लागतात. भारतात ओळख पटवल्याशिवाय सिम मिळत नाही. मग कोणतीही ओळख न विचारता विकला जाणारा तो नंबर कोणाच्या नावावर आहे? तो एखाद्या अजाण माणसाच्या आधारवर काढलेल्या सिमचा असण्याची दाट शक्यता असते. दूरसंचार कायदा, २०२३ च्या कलम ४२ प्रमाणे फसवणुकीने किंवा तोतयेगिरीने सिम मिळवल्यास ३ वर्षांपर्यंत कारावास किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. सिम काढणारा गुन्हेगार आणि तुम्ही फक्त गिऱ्हाईक, हे खरे असले तरी त्याच नंबरवरून उद्या कोणाची फसवणूक झाली तर चौकशीत तुमच्या घरचा पत्ता असलेले खातेही समोर येईल.

भाचीने यावर एक प्रश्न विचारला, तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ती म्हणाली, “मामा, पार्सल दिल्यानंतर रात्री मेसेज करणारे असतात, त्याचं काय करायचं?” वसतिगृहात राहणाऱ्या मुलींची ही भीती कोणीही हसण्यावारी नेऊ नये. माझे उत्तर असे आहे: स्वतःच्या नावावर, स्वतःच्या आधारवर दुसरे सिम घ्यावे. एका व्यक्तीला ९ सिमपर्यंत मुभा आहे. ते सिम फक्त खरेदीसाठी ठेवावे, त्यावर व्हॉट्सॲप सुरू करू नये आणि बँकेत तो नंबर देऊ नये. पत्ता वसतिगृहाच्या कार्यालयाचा द्यावा. एवढे केले तर कोड आपल्याच हातात राहतो आणि घरचा, बँकेचा नंबर परक्याच्या हाती जात नाही. यात एक काळजी मात्र घ्यावी लागते. आमच्याकडे दुसरे सिम रिचार्जअभावी बंद पडण्याचे प्रमाण मोठे आहे, आणि बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. तसे झाले तर ओटीपी त्याला जाऊ लागतील, म्हणून रिचार्जची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

त्रासदायक जाहिरातींचे फोन आणि संदेश थांबवण्यासाठी १९०९ या क्रमांकावर नोंद करता येते. आपल्या नावावर दुसऱ्या कोणी सिम काढले आहे का, हे केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर पाहता येते, आणि माझ्या वर्गात मी ते प्रत्येकाला पाहायला लावतो. दुकानाच्या काउंटरवर तर नंबर द्यायचा नाही, असे सरळ सांगावे. नंबराचा आग्रह धरू नये, अशी सूचना केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच विक्रेत्यांना दिलेली आहे.

ज्यांनी आधीच अशा नंबरावर खाते उघडले आहे, त्यांनी ॲप अजून सुरू असेल तोवर बाहेर पडू नये. सेटिंगमध्ये जाऊन आपला नंबर टाकावा. ॲप जुन्या नंबरवरचा कोड मागत असेल, तर साठवलेले पत्ते आधी पुसावेत, वॉलेटमधील शिल्लक वापरून टाकावी, बिलांचे स्क्रीनशॉट काढून ठेवावेत आणि त्यानंतर ग्राहक सेवेला लिहून खाते बंद करण्याची मागणी करावी. केजच्या त्या विद्यार्थ्याचे खाते आम्ही याच पद्धतीने दोन आठवड्यांत बंद करून घेतले. वडिलांचा मोबाइल त्याने नंतर मोंढ्याजवळच्या दुकानातून विकत घेतला.