गारा फोडणाऱ्या तोफेचा हिशेब

गेल्या आठवड्यात तात्यांचा फोन आला. तात्या म्हणजे माझे चुलते. तासगाव तालुक्यात त्यांची तीन एकर द्राक्षबाग आहे. मण्यांत पाणी उतरलंय, म्हणजे ते पिकून गोड व्हायला लागलेत, रोज संध्याकाळी आभाळ भरून येतंय आणि गावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. तात्या म्हणाले, "तू कॉलेजात हेच शिकवतोस न्हवं? वाचून सांग. वर्गणी काढाय लागल्यात. भरू का नको?"

मेसेज गारपीटरोधक तोफेचा आहे, वर्गणी ती घेण्यासाठीच. आभाळाकडे तोंड केलेलं लोखंडी नरसाळं, खाली अ‍ॅसिटिलीन वायूचा स्फोट, दर सहा-सात सेकंदांना एक बार. आवाजाची लाट ढगात जाते, गार धरू देत नाही, धरलेली फोडते आणि एका तोफेमागे दोनशे एकर राखलं जातं, असं त्यात म्हटलंय. खाली आठ-दहा कारणं दिली आहेत. मेसेज पुढे पाठवणाऱ्यांना मी दोष देणार नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यानं पाहिली, तो हाती येईल तो आधार धरणारच. पण वर्गणीचा पैसा फवारणीच्या औषधाच्या उधारीतून वाचवलेला आहे. म्हणून मेसेजमधला महत्त्वाचा एकेक दावा घेऊन उत्तर देतो.

"बार झाला की घराचा पत्रा थरथरतो. एवढ्या ताकदीपुढं गार टिकेल का?"

आवाज मोठा वाटतो, याचं कारण आपला कान. निसर्गानं कान इतका हळवा केलाय की एका चौरस मीटरवर एका वॅटचा अब्जावा भाग एवढी लाट आली तरी ती कुजबुजीसारखी ऐकू येते. कानठळ्या बसवणारा १२० डेसिबलचा आवाज म्हणजे चौरस मीटरला फक्त १ वॅट. भर दुपारी तुमच्या मांडवावर पडणारं ऊन चौरस मीटरला सुमारे १००० वॅट असतं. त्या उन्हाचा आवाज होत नाही, म्हणून ते आपल्याला सौम्य वाटतं. पत्रा थरथरतो, कारण तो पातळ आहे, रुंद आहे आणि त्याला हलायला फारसं काही लागत नाही.

आता तोफेचा हिशेब मांडू आणि सगळं माप तोफेच्या बाजूनं झुकतं धरू. समजा एका बारात अख्खं १ किलो अ‍ॅसिटिलीन जाळलं. त्यातून सुमारे ५ कोटी ज्यूल ऊर्जा निघते (एक वॅट म्हणजे सेकंदाला एक ज्यूल). त्यातली बरीच नुसती उष्णता होऊन नरसाळ्यातच जाते, पण समजू की सगळीच्या सगळी आवाज झाली आणि वाटेत हवेनं काहीही गिळलं नाही. गार वाढते ती गोठणपातळीच्या वर, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाशी आपल्याकडं जमिनीपासून साडेचार-पाच किलोमीटरच्या वर. तोफेची लाट सरळ रेषेत जात नाही. ती घुमटासारखी फुगत जाते आणि अंतर दुप्पट झालं की तेवढीच ऊर्जा चौपट जागेवर पसरते. पाच किलोमीटरवर त्या घुमटाचं क्षेत्रफळ होतं सुमारे पावणेसोळा कोटी चौरस मीटर. म्हणजे एका चौरस मीटरच्या वाट्याला आले ०.३ ज्यूल. ऊन तेवढ्याच जागेवर एका सेकंदात १००० ज्यूल टाकतं.

एक सेंटिमीटरची गार घ्या. तिचं वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. ती वितळवायला सुमारे १५७ ज्यूल लागतात. वरच्या हिशेबानं एका बारातून तिला मिळणार एका ज्यूलच्या लाख भागांतले दोन-अडीच भाग. असे ६५ लाख बार उडवावे लागतील. सहा सेकंदांना एक धरला तर सव्वा वर्ष. आणि तोवर ती गार आभाळात थांबायला हवी.

"वितळवायची कशाला? फोडायची. मुतखडा आवाजाच्या लाटेनं फुटतो, मग गार का फुटणार नाही?"

हा दावा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, कारण त्यातला अर्धा भाग खरा आहे. मिरजेला जाऊन पोट न फाडता मुतखडा फोडून आलेली माणसं आपल्या प्रत्येक गावात आहेत. १९८० साली जर्मनीत म्युनिकला पहिल्या रुग्णावर हा उपचार झाला, तेव्हा त्याला पाण्याच्या टबात ठेवलं होतं. आजही यंत्राची पाण्यानं भरलेली उशी आणि रुग्णाची कातडी यांच्यात जेल चोपडतात, हवेचा बुडबुडासुद्धा राहू देत नाहीत. हा सगळा खटाटोप का, यातच उत्तर आहे.

लाट एका पदार्थातून दुसऱ्यात जाताना तिचं किती पुढं जाईल आणि किती माघारी फिरेल, हे दोन्ही पदार्थांच्या घनता आणि ध्वनिवेग यांच्या गुणाकारावर ठरतं. हवेसाठी हा आकडा साधारण ४००, पाण्यासाठी १५ लाख, बर्फासाठी ३५ लाखांच्या घरात. शरीराचं मांस जवळजवळ पाण्यासारखंच. म्हणून पाण्यातून शरीरात लाट विनासायास शिरते. हवेतून बर्फावर आदळली तर दहा हजारांतले जेमतेम पाच भाग आत जातात, बाकीचे परत. विहिरीत पोहलेल्या कुणालाही हे अंगानं ठाऊक आहे. बुडी मारली की काठावरून आई कितीही ओरडली तरी हाक पुसट होते. पण पाण्यातच कुणी दोन दगड एकमेकांवर आपटले तर तो टक् आवाज डोक्यात घुसतो. हवेतून पाण्यात यायला लाटेला दार जवळपास बंद आहे, पाण्यातून पाण्यात मोकळं आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे मुतखड्याच्या यंत्रातली लाट पसरत नाही, गोळा होते. वाटीसारख्या आरशातून ती एका बोराएवढ्या जागी आणतात. तिथं दाब वातावरणाच्या शेकडो पट होतो, आणि तरीही खडा फुटायला दोन-तीन हजार तडाखे लागतात. ऊर्जा मुळात फार नसते, ती पोचवायची रीत आणि जागा नेमकी असते. तोफेची लाट याच्या बरोबर उलट वागते. मघाच्या उदार हिशेबानं बघितलं तरी पाच किलोमीटरवर तिचा दाब फार तर शे-दोनशे पास्कल भरतो. बर्फाला तडा जायला १० लाख पास्कलच्या घरातला ताण लागतो. त्यात तोफेचा आवाज घुमणारा, म्हणजे लाटेची लांबी तीन-चार मीटर. एक सेंटिमीटरची गार तिच्या मानानं इतकी बारकी की लाट तिला वळसा घालून निघून जाते. चारी बाजूंनी सारखाच दाब आला तर फुटायला ताण यायचा कुठून?

"गाणाऱ्याच्या आवाजानं काचेचा पेला फुटतो."

फुटतो. पेला पातळ हवा, तोंडाजवळ हवा आणि त्याच्या स्वतःच्या कंपनाशी जुळणारा सूर लांबवायला हवा. एक सेंटिमीटरच्या गारेचं स्वतःचं कंपन सेकंदाला लाखाहून जास्त वेळा होतं, आपल्या कानाच्या मर्यादेच्या कितीतरी वर. तोफ घुमते सेकंदाला शंभरच्या आसपास. सूर जुळत नाही, विषय संपला.

"लाट जमिनीवरचे धनभारित कण वर ढगात नेते, त्यामुळं गार धरतच नाही."

इथं लाट म्हणजे काय, हेच चुकलंय. जानेवारीत जतकडच्या शाळवाच्या रानात वारा सुटला की या बांधापासून त्या बांधापर्यंत लाट पळत जाते. पण एकही ताट आपली जागा सोडत नाही, जागच्या जागी वाकतं आणि परत उभं राहतं. पलीकडच्या बांधाला पोचतं ते हलणं. आवाजात हवेच्या कणांचं असंच होतं. कानठळ्या बसवणाऱ्या १२० डेसिबलच्या घुमणाऱ्या आवाजातही हवेचा कण मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढाच पुढं-मागं होतो. लाट ऊर्जा नेते, माल नेत नाही. नरसाळ्याच्या तोंडाशी असलेला कण धन असो वा ऋण, पाच किलोमीटर वर तो आवाजावर बसून जाऊ शकत नाही.

आणि ढगात मोठा आवाज घुसला की गार धरायची थांबते, असं असतं तर गार जगात कधीच पडली नसती. गारेचा ढग हा कडाडणारा ढग असतो. एका विजेत ऊर्जा मोकळी होते ती १०० कोटी ज्यूलच्या घरात, म्हणजे सुमारे वीस किलो अ‍ॅसिटिलीनएवढी. विजेच्या वाटेतली हवा क्षणात २५-३० हजार अंशांवर जाते आणि तिचा स्फोट होतो, तोच गडगडाट. हा बार जमिनीवर होत नाही, तिथंच होतो, गारांच्या मधोमध. असे बार ढग मिनिटामिनिटाला उडवत असतो आणि तरीही खाली गारा पडतात. तात्यांना मी आधी एवढंच सांगितलं होतं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "हे खरंच की. कडकडाट जास्त, तवाच गार जास्त."

"युरोपातले शेतकरी शंभर वर्षांपासून वापरतात."

शंभरहून जास्त झाली, आणि तो इतिहास पुरता सांगायला हवा. तेव्हाच्या ऑस्ट्रियात स्टायरिया प्रांतातल्या विंडिश-फाइस्ट्रिट्झ गावचे नगराध्यक्ष अल्बर्ट श्टिगर हेही द्राक्षबागायतदारच. १८९६ साली त्यांनी अशा तोफा लावल्या. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी गार पडली नाही. बातमी पसरली आणि काही वर्षांत एकट्या इटलीत हजारो तोफा उभ्या राहिल्या. तोफा उडवताना माणसंही दगावली. १९०२ साली ग्राझला आंतरराष्ट्रीय परिषद भरली. मतं जुळेनात, म्हणून सरकारांनी दोन जागी रीतसर चाचणी ठेवली, एक श्टिगर यांच्याच गावात आणि एक इटलीत कास्टेलफ्रांकोला. दोन्ही ठिकाणी तोफा धडधडत असताना गारांनी बागा झोडपल्या. तोफा भंगारात गेल्या. पुढं कित्येक दशकांनी गॅसवर चालणाऱ्या नव्या तोफा बाजारात आल्या, तत्त्व मात्र तेच. जागतिक हवामान संघटनेनं याबद्दल स्पष्ट म्हटलंय की या तोफांना शास्त्रीय आधार नाही आणि पटण्याजोगा तर्कही नाही. हिमाचलात सफरचंदाच्या बागांत त्या बसवल्या आहेत, हे खरं आहे. पण बसवल्या आहेत, याचा अर्थ चालतात असा होत नाही.

"ज्यांनी बसवली त्यांच्याकडं गार पडली नाही."

गार पट्ट्यानं पडते. सावळजला झोडपून काढते आणि शेजारच्या गावात टिपूस नसतो, हे आपण दर दोन-चार वर्षांनी बघतो. बहुतेक गावांत बहुतेक वर्षी गार पडतच नाही, तोफ असो वा नसो. श्टिगर यांनाही पहिली दोन वर्षं अशीच फसवून गेली.

याच न्यायानं उलटी तक्रारही चुकीची आहे. तोफेनं ढग पळवले, आमचा पाऊस गेला, म्हणून दुष्काळी पट्ट्यातली माणसं बागायतदारांशी भांडतात. ०.३ ज्यूलनं ढग हलत नाही. या कारणावरून गावात वैर नको.

मग तात्यांनी विचारलं, "वर्गणी नको, तर करू काय?" गारपिटीचा अतिरिक्त हप्ता भरून फळपीक विमा घेता येतो, तो घ्यावा. आणि जेवढं झेपेल तेवढ्या क्षेत्रावर, सुरुवातीला अर्धा एकर का होईना, जाळी किंवा प्लॅस्टिकचं आच्छादन. गारेची ताकद तिच्या वजनात आणि वेगात आहे, ती अडवायला मधे भक्कम काहीतरी ताणलेलं असावं लागतं. ताण नीट हवा, उतार हवा, नाहीतर गारा साचून मांडवच बसतो. आच्छादनाची किंमत फक्त रुपयांत नसते, उन्हातही मोजावी लागते. आवाजाला बर्फाचं दार बंद असतं, प्रकाशाला काचेचं किंवा स्वच्छ प्लॅस्टिकच्या कागदाचं तसं नसतं. काचेच्या एका पृष्ठभागावरून शंभरातले चारच भाग परततात, बाकी आत जातात. पण कागद जुना झाला, त्यावर धूळ बसली की तो ऊन गिळायला लागतो. दाट काळी जाळीही तेच करते. मण्यातली साखर त्या उन्हातूनच बनते. म्हणून जाळी घेताना गार अडेल एवढीच बारीक घ्या, त्याहून दाट नको, आणि कागद असेल तर मण्यांत पाणी उतरायच्या आधी एकदा धुवून घ्या. तात्या या रविवारी डांब आणि तारांचं माप काढणार आहेत, मीही जाणार आहे.