‘मुलींना अडवलंय कुणी?’ या फॉरवर्डला उत्तर

पुण्यातल्या पालकांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं: मायक्रोबायोलॉजीच्या (सूक्ष्मजीवशास्त्राच्या) वर्गात मुलीच जास्त, म्हणजे त्यांना कुणी अडवत नाही. निवड गुणांवरच होते. मुलींना संशोधनाची ओढ नसते, म्हणून त्या मागे पडतात. मग महिला शास्त्रज्ञांसाठी वेगळ्या योजना म्हणजे खैरात.

वर्गाबद्दलचं म्हणणं मान्य. पण एमएस्सीला प्रवेश मिळणं वेगळं आणि स्वतःची लॅब मिळणं वेगळं. मधे बऱ्याच निवडसमित्या बसलेल्या असतात.

त्या ‘गुणांवरच’ निवडतात का, हे तपासून झालंय. जो हँडल्समन या बाई मातीतल्या जिवाणूंच्या अभ्यासक. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १२७ विज्ञान-प्राध्यापकांकडे लॅब मॅनेजरच्या जागेसाठी एकच अर्ज पाठवला. काहींना ‘जॉन’च्या नावानं, काहींना ‘जेनिफर’च्या. २०१२ मध्ये निष्कर्ष छापून आले. जॉन जास्त लायक ठरला होता. त्याला सरासरी ३०,२०० डॉलरच्या आसपास पगार देऊ केला गेला, तिला २६,५००. प्राध्यापक बायकांनीही तेच केलं, तेव्हा हा पुरुषांवरचा आरोप समजून कुणी अंगावर येऊ नये.

‘ओढ नसते’ हे तर वाचवतच नाही. अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कोलवेल यांनी तिथल्या पर्ड्यू विद्यापीठात जिवाणूशास्त्राची फेलोशिप मागितली, तेव्हा ‘बायकांवर आम्ही फेलोशिप वाया घालवत नाही’ अशा अर्थाचं उत्तर मिळालं. याच बाईंनी पुढे दाखवलं, की कॉलराचा जंतू खाडीच्या पाण्यात बारीक प्लवकांना (पाण्यात तरंगणाऱ्या चिमुकल्या जिवांना) चिकटून राहतो. प्लवक गाळले की जंतूही बरेचसे गाळले जातात. मग बांगलादेशातल्या खेड्यांत जुन्या सुती साडीच्या घडीतून पाणी गाळून पाहिलं. साडी जुनीच हवी, कारण धुऊन धुऊन तिची वीण दाट होते. कॉलरा ४८ टक्क्यांनी घटला. आणि आपल्याकडे? दुर्गाबाई भागवतांच्या बहीण, जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांना १९३३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून आधी नाकारलं, मग अटी घालून घेतलं. १९३९ मध्ये त्या केंब्रिजच्या पीएचडी झाल्या.

राहिली खैरात. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची महिला शास्त्रज्ञ योजना बाळंतपण, नवऱ्याची बदली अशा कारणांनी काम सुटलेल्यांसाठी सुरू झाली; आता ती ‘वाइज-किरण’ या योजनेत सामावली आहे. त्यासाठी संशोधनाचा प्रस्ताव लिहावा लागतो, तो तज्ज्ञ तपासतात, नाकारतातही. मंजूर झाला तरी मिळतो तो ठरावीक मुदतीचा प्रकल्प, कायमची नोकरी नव्हे. योजनेबद्दल तक्रारच करायची तर या मुदतीबद्दल करा.