मागे वळून न बघता

मान उजवीकडे वळेनाशी झाली तेव्हा डॉक्टरांनी एक्स-रे उजेडापुढे धरला, जिभेने 'च्च' केलं आणि विचारलं, "दिवसभर काय करता?"

"कॉम्प्युटरसमोर बसतो आणि सायकल चालवतो."

"मग सायकलवर मागे वळून बघत जाऊ नका."

आपल्याकडे निम्म्या देवस्थानांची गोष्ट हीच आहे. देवी भक्ताला म्हणते, तू पुढे चल, मी मागून येते, पण वळून बघू नकोस. भक्त वळतो आणि देवी जागच्या जागी थांबते. मी मुलुंडहून विक्रोळीला हायवेच्या सर्व्हिस रोडने ऑफिसला जातो. माझ्या मागून देवी येत नाही, रेतीचा डंपर येतो. आणि मी वळून बघितलं तरी तो थांबत नाही.

माझी सायकल विजेवर चालते. मोटर २५० वॉटची, वेग ताशी २५ किलोमीटरच्या वर जात नाही. त्यामुळे कायद्याच्या लेखी ती नुसती सायकलच: नंबर प्लेट नको, लायसन्स नको, आरटीओत खेटे नकोत. कंपनीनेही या सवलतीचा पुरेपूर फायदा घेऊन आरसा दिलेला नव्हता. तेव्हा आरसा आपणच बसवायचा असं ठरलं. ठरवताना मी सौ.ला म्हटलेलं वाक्य आजही घरात अधूनमधून उद्धृत केलं जातं: "दहा मिनिटांचं काम आहे."

आता बसवायचा कुठे? माझ्या हँडलवर आधीच चाळीतल्या दोरीसारखी गर्दी. दोन ब्रेक, त्यांच्यातून निघणाऱ्या वायरी, बॅटरीचा डिस्प्ले, हॉर्नचं बटण, दिव्याचं बटण, शिवाय हॉर्नवर भरवसा नाही म्हणून घंटी. मोकळं राहिलं होतं ते फक्त हँडलचं टोक. टोकाच्या भोकात खुंटी घालून बसवायचे आरसे मिळतात, असं कळलं. मी साडेतीनशे रुपयांचा एक मागवला. आपण डावीकडून चालतो, सगळी संकटं उजवीकडून अंगावर येतात, म्हणून उजव्या बाजूचा.

खोक्यात आरसा, रबराची खुंटी, एक नखाएवढी एलन की (स्क्रू आवळायची षट्कोनी किल्ली) आणि एक कागद निघाला. खुंटीची युक्ती साधी आहे. तिच्या पोटात स्क्रू आणि मागे पाचर. स्क्रू आवळला की पाचर पुढे ओढली जाते, रबर फुगतं आणि आतल्या भिंतीला घट्ट धरतं. कागदावर तीन चित्रं होती. तिसऱ्या चित्रातला माणूस हसत होता.

पहिल्या चित्राच्या आधीच मी अडलो. खुंटी भोकात घालायची, पण भोक होतं कुठे? हँडलची रबरी मूठ टोकाला बंद असते, टोपीसारखी. ती कापावी लागते. मी ब्लेडने नाण्याएवढा गोल कापायला घेतला. तो आधी आंबाडीच्या पानासारखा झाला, मग सारखा करता करता अख्खी टोपीच गेली.

आत भोक होतं, खुंटी मात्र जाईना. साबण लावला, खोबरेल तेल लावलं, मग दोन्ही पुसलं. शेवटी बाल्कनीतून माझा पराक्रम बघत असलेले पहिल्या मजल्यावरचे काका खाली उतरले. काकांनी पस्तीस वर्षं लेथवर काढली. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे पेन्शन नाही, बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर कॅलिपर आहे. तो ते लग्नातल्या शालूसारखा मखमली पेटीत ठेवतात. माप घेऊन त्यांनी निकाल दिला, "भोक सतरा, खुंटी अठरा. कसं जाईल?"

मग चौकशी करता ज्ञान मिळालं. मुठीच्या जागी हँडल बाहेरून बहुतेक २२.२ मिलिमीटरचं असतं, म्हणजे जुन्या हिशेबात पाऊण इंचाला वर आणखी एक सूत. आतलं भोक मात्र नळीचा पत्रा किती जाड त्यावर. बाहेरून सगळी सारखी आणि आतून प्रत्येक वेगळं. इथे एखादा ललित लेखक थांबून 'माणसांचंही तसंच नाही का' असं म्हणेल. मी म्हटलं नाही, कारण तोवर काकांनी माझ्या हातात पॉलिश पेपर दिला होता.

एक मिलिमीटर रबर घासायला किती वेळ लागतो हे विचारू नका. त्या वेळात काकांनी मला गिरण्यांचा संप, हल्लीच्या मुलांचे हात आणि चिनी मालाचं रबर या विषयांवर सविस्तर सांगितलं. खुंटी गेली. मी स्क्रू आवळला आणि खोक्यातली एलन की जिलबीसारखी पिळवटली.

रविवारी मस्जिद स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीट गाठला. ज्यांनी ही गल्ली पाहिली नाही त्यांना सांगतो, माणसाने लोखंडातून जे काही घडवलंय त्याचा एकेक नग तिथे दोरीला टांगलेला असतो. मला चार नंबरची एक एलन की हवी होती. दुकानदाराने माझ्याकडे, हापूस आंब्याची एक फोड मागायला आलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. "एक नहीं मिलेगा. सेट है, नौ का." मी सेट घेतला. शिवाय एक पकड घेतली, एक छोटी हातोडी घेतली. हातोडी का, ते मला आजही सांगता येणार नाही. त्या गल्लीत माणूस असा भुलतोच.

आरसा बसला. काका म्हणाले, "एक चक्कर मार." मी कंपाउंडमध्ये सायकल काढली, उजवी मूठ किंचित पिळली आणि सोडली.

सायकल थांबली नाही.

झालं होतं असं, की माझ्या सायकलीचा थ्रॉटल म्हणजे ती उजवी मूठच. पिळली की मोटर चालू, सोडली की स्प्रिंगने मागे येऊन बंद. आरशाचा कॉलर त्या मुठीला इतका चिकटून बसला होता, की मूठ परत फिरेचना. ब्रेक दाबला की मोटर बंद पडते, कारण ब्रेकमध्ये तशी वायर असते. पण ब्रेक सोडला की सायकल पुन्हा निघे. एका हाताने ब्रेक, दुसऱ्या हाताने मूठ उलटी पिळायची, हे शहाणपण मला तिसऱ्या फेरीत सुचलं. पहिल्या दोन फेऱ्यांत मी पाण्याची टाकी, सेक्रेटरींची गाडी आणि सोसायटीची तुळस यांना प्रदक्षिणा घातल्या. वॉचमन उठून उभा राहिला. तो माझ्यासाठी एरवी कधी उठत नाही.

"दोन-तीन मिलिमीटर फट ठेवायला हवी होती," काका व्हर्नियर पुसत म्हणाले.

थ्रॉटलचा स्क्रू सैल करून तो आत सरकवला, त्यासाठी ब्रेक आत सरकवला, त्यासाठी घंटी काढून खिशात ठेवली. आता मूठ सुटली की टक्‌कन मागे येऊ लागली.

सोमवारी मी आरशासकट हायवेला लागलो. आरशात मला काय दिसलं? माझं कोपर. आरसा बाहेर वळवला तर नाला दिसला, वर केला तर मेट्रोचा खांब. एका नेमक्या कोनात रस्ता सापडला, तेवढ्यात पेव्हर ब्लॉक लागले आणि मागच्या एका रिक्षाच्या सहा रिक्षा झाल्या. शिवाय हा आरसा बहिर्गोल. शाळेत दोन मार्कांना पाठ केलं होतं: प्रतिमा लहान, सुलट आणि आभासी. लहान म्हणजे किती, ते भांडुपला समजलं. आरशात लांबवर पोरांच्या खेळण्यातला एक गोंडस पिवळा ट्रक दिसला. मी कौतुकाने बघतोय तोवर त्याचं चाक माझ्या खांद्याशी आलं. आभासी काहीच नव्हतं.

एक तक्रार मात्र आरशाविरुद्ध केली पाहिजे. त्याने माझी सायकल वीतभर रुंद झाली. मुंबईत दोन रिक्षांमधली फट ही वडिलोपार्जित मालमत्ता असते आणि माझी एका दिवसात गेली. लिफ्टमध्येही सायकल मावेना. म्हणून ती रात्री खाली, जास्वंदीशेजारी लावू लागलो.

जास्वंदीवर एक बुलबुल राहतो, बुडाखाली लाल असलेला. त्याला आरशात दुसरा बुलबुल दिसला. सकाळी सहाला 'टक टक टक' सुरू. स्वतःच्या हद्दीत घुसलेल्या त्या निर्लज्ज पक्ष्याशी तो नाश्त्यापर्यंत भांडे, आरशावर शिटून विजय जाहीर करे आणि दुसऱ्या दिवशी शत्रू परत हजर बघून पेटून उठे. सौ. म्हणाली, "अहो, झाका तो. बिचारा चोच मोडून घेईल." मी माझा एक जुना राखाडी मोजा रोज रात्री आरशावर चढवायला लागलो. बुलबुलही निवळला.

परवा विक्रोळीच्या सिग्नलला थांबलो होतो. शेजारच्या स्कूटरवरच्या मुलीने हेल्मेटची काच वर केली.

"काका, तुमच्या आरशाला मोजा आहे."

मी बघितलं. मोजा होता. मुलुंडपासून होता. मधे मी दोन बस, एक टँकर आणि अगणित रिक्षांना पुढे जाऊ दिलं होतं, आणि प्रत्येक वेळी मान पार मागपर्यंत वळवून.