बाईच्या रक्तातच पर्यावरण असतं म्हणे

महिला दिन जवळ आला की एक मजकूर हमखास फिरतो: ‘स्त्री जन्मतःच निसर्गाच्या जवळ असते. सत्ता तिच्या हाती द्या, तापमानवाढ आपोआप थांबेल.’ सोबत झाडाला मिठी मारलेल्या बाईचं चित्र. वाचायला गोड आहे, पण टिकत नाही.

आधी सत्ता. ‘ड्रिल, बेबी, ड्रिल’ ही तेलविहिरींची घोषणा २००८ साली अमेरिकेत गाजवली ती उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांनी. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीतल्या अतिउजव्या एएफडी पक्षाच्या नेत्या ॲलिस वायडेल यांनी पक्षाच्या अधिवेशनात पवनचक्क्या पाडून टाकायची भाषा केली. पुढे.

‘जन्मतः’ हा खरा घोळ आहे. स्वीडनमधल्या २०२१ च्या एका अभ्यासात एकट्या राहणाऱ्या पुरुषांचा खर्च बायकांपेक्षा जेमतेम २ टक्के जास्त निघाला, हरितगृह वायूंचं उत्सर्जन मात्र १६ टक्के जास्त. कारण मुख्यतः गाडीचं इंधन. ही सवय जन्मतः येत नाही, मर्दानगी म्हणून शिकवली जाते. अमेरिकेत डिझेल ट्रकमध्ये मुद्दाम फेरफार करून हायब्रिड गाड्यांवर काळा धूर सोडणारे महाभाग आहेत. कोलोरॅडो राज्याला २०१७ मध्ये त्याविरुद्ध कायदा करावा लागला. डिसेंबर २०२२ मध्ये मर्दानगीचे धडे देणाऱ्या इन्फ्लुएन्सर अँड्र्यू टेटने ट्विटरवर हवामान कार्यकर्ती ग्रेटा थनबर्गला आपल्या ३३ गाड्यांची बढाई ऐकवली. ३३ गाड्या कुठे जायला लागतात? कारा डॅगेट या अभ्यासिकेने २०१८ मध्येच याला ‘पेट्रो-मस्क्युलिनिटी’, म्हणजे तेल जाळण्यात मर्दानगी मानणं, म्हटलं होतं. (सायलेन्सर बदलून गल्ली हादरवणारे बुलेटवाले आपल्याकडेही आहेतच.)

राहिलं ते चित्र. ते येतं झाडं वाचवण्याच्या चिपको आंदोलनावरून. मार्च १९७४ मध्ये आजच्या उत्तराखंडमधल्या रेणी गावात गौरादेवी आणि इतर बायका झाडं तोडायला आलेल्या ठेकेदाराच्या माणसांपुढे उभ्या राहिल्या. सरपण, चारा, पाणी ही त्यांची रोजची कामं. जंगल तुटलं तर लांबची पायपीट त्यांच्याच वाट्याला येणार होती. तो कामाचा हिशेब होता, त्याला रक्तातलं प्रेम म्हटलं की हिशेबच पुसला जातो.

हाच हिशेब आजही घरात दिसतो. केंद्राच्या उज्ज्वला योजनेत २०१६ पासून गरीब घरांना गॅसजोडणी बाईच्याच नावावर मिळते. तरी सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या २०१९ च्या अहवालात लाभार्थ्यांचं वर्षाला सरासरी ३.२१ सिलिंडरच भरणं दिसलं. नाव तिचं, पण सिलिंडरचे पैसे अनेक घरांत तिच्या हाती नसतात. सरपण गोळा करायला मात्र तीच जाते, आणि ती मेहनत फुकट धरली जाते, म्हणून घरच्या हिशेबात चूल स्वस्त पडते.