तीन सेकंदांची फाईल

अमळनेरात एलझेडफोर नावाच्या पद्धतीने दाबून बांधलेली फाईल उघडून देणारा माणूस शोधायचा असेल, तर तो वैशाखात शोधू नये. ४४ अंशांवर गावातला शहाणा माणूस दार लावून कूलरसमोर पडलेला असतो, आणि जो बाहेर सापडतो तो शहाणा असेलच असं नाही.

मला सापडला तो मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवरचा पोरगा. पेनड्राइव्ह लावून त्याने फाईलच्या नावाकडे पाहिलं, शेवटचं 'टार डॉट एलझेडफोर' खोडलं, तिथे 'झिप' लिहिलं आणि म्हणाला, "घ्या काका, झाली कन्वर्ट." उघडायला गेलो तर संगणकाने फाईल खराब असल्याचं जाहीर केलं. "मंग फाईलच खराब आहे," असा निकाल देऊन पोरगा कुणाच्या तरी चार्जिंगच्या पिनेकडे वळला.

फाईल ठणठणीत होती. नाव बदलल्याने आत काही बदलत नाही, एवढंच. झिप फाईलच्या सुरुवातीला 'पीके' ही दोन अक्षरं असतात, १९८९ साली झिप काढणाऱ्या फिल कॅट्झची आद्याक्षरं. एलझेडफोरच्या फाईलच्या तोंडाशी ०४ २२ ४डी १८ असे चार बाइट असतात. सॉफ्टवेअर ते वाचतं, आपण बाहेर काय लिहिलंय ते त्याच्या खिजगणतीतही नसतं.

आता मुळात ही फाईल माझ्या गळ्यात कशी पडली ते सांगतो. एरंडोलला लग्न होतं. एरंडोलकरांनी आमच्या लग्नात काय आहेर केला होता, हे पाहिल्याशिवाय सौ. दुकानाची पायरी चढणार नव्हती. आहेराच्या वह्यांना वाळवी लागायला लागली म्हणून भाच्याने त्या पुण्याला नेऊन स्कॅन केल्या होत्या. त्याला फोन करून म्हटलं, "बाबा, ते एवढं एक पान पाठव."

"मामा, एक पान शोधत कोण बसेल? सगळंच पाठवतो. पॅक करायला तीन सेकंद लागले, बोला!"

त्याला तीन सेकंद लागले. ती सव्वा जीबीची फाईल आमच्या नेटवरून उतरायला किती लागले ते सौ.ला विचारा, कारण तेवढा वेळ तिची मालिका बंद होती.

भाचा हिंजवडीत सर्व्हर सांभाळतो, आणि सर्व्हरवाल्यांचं या एलझेडफोरवर फार प्रेम. यान कोले नावाच्या फ्रेंच माणसाने २०११ मध्ये ते काढलं. प्रोसेसरच्या एका कोअरवर, म्हणजे एका गाभ्यावर, सेकंदाला ५०० एमबीहून जास्त माल ते दाबतं, आणि मोकळा तर कित्येक जीबीच्या वेगाने करतं. २०१३ पासून ते लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यातही आहे. जिथे माहिती दिवसभर आत-बाहेर करायची असते तिथे हा वेग कामाचा. आमच्याकडे ती वर्षातून एकदा, लग्नसराईत बाहेर काढायची होती.

वेग येतो कुठून, हे मला भाच्याच्या व्याख्यानातून नाही समजलं, आहेराच्या वहीवरून समजलं. मांडवात वही लिहायला बसलेला माणूस 'रुपये ११, टॉवेल-टोपी' एकदा पूर्ण लिहितो. पुढच्यानेही तेच दिलं की खाली दोन चिमुकल्या रेघा मारतो, म्हणजे वरीलप्रमाणे. एलझेडफोर हेच करतं. मजकूर परत आला की तो न लिहिता 'इतके बाइट मागे जा, तिथून इतके उतरव' एवढीच खूण ठेवतं. फक्त हा लिहिणारा भलता घाईचा. ६४ केबीच्या पलीकडे मागे वळून बघत नाही, चार बाइटांपेक्षा लहान पुनरावृत्ती असेल तर सोडून देतो, आणि बराच वेळ काही जुळलं नाही तर मधलं न तपासताच उड्या मारत पुढे सरकतो. ही मागे बोट दाखवण्याची युक्ती लेम्पेल आणि झिव्ह या दोन संशोधकांची, १९७७ची. नावातलं 'एलझेड' ते त्यांचंच. झिपवाला त्यावर आणखी एक कष्ट घेतो. हफमनच्या १९५२च्या पद्धतीने वारंवार येणाऱ्या गोष्टींना छोट्या खुणा देतो आणि जास्त जागा वाचवतो. एलझेडफोर तो टप्पाच गाळतं. म्हणून ते पळतं, आणि म्हणूनच फाईल मोठी राहते.

हे झालं ज्ञान. उघडायचं अजून बाकी होतं.

नेटवर 'एलझेडफोरचं झिप करून मिळेल' म्हणणारी फुकट ठिकाणं आहेत. तिथे ती सव्वा जीबी आधी वर चढवायची. म्हणजे जी गोष्ट भाऊबंदांपासून चाळीस वर्षं जपली, कोणी किती कमी दिलं ती, अनोळखी माणसाच्या सर्व्हरवर नेऊन ठेवायची. मी तरी तयार झालो होतो. लाईट तयार झाली नाही, गेली.

ती आल्यावर भाच्याला पुन्हा फोन. त्याने सांगितलं की थेट झिप वगैरे काही होत नसतं, आधी मोकळं करायचं, मग हवं तर झिप बांधायचं. त्यासाठी एलझेडफोरचं स्वतःचं साधन उतरवून घ्या. घेतलं. ते कशात आलं असेल? झिपमध्ये! ज्या माणसाने इतकं चपळ गाठोडं बांधलं, त्याने ते सोडायची कात्री मात्र झिपमध्ये घालून ठेवलीय. मला त्या फ्रेंच माणसाबद्दल पहिल्यांदाच आपुलकी वाटली. त्यालाही त्याचा भाचा असावा.

मग आज्ञा टाइप करायची ती काळी खिडकी.

"साधनाचं नाव टाका मामा, मग स्पेस, मग डॅश, मग डी."

"डी म्हणजे डब्यातला का?"

"डीकम्प्रेसचा! आणि पुढे फाईलचं नाव, जसंच्या तसं."

जसंच्या तसं नाव टपरीवाल्याने ठेवलं कुठे होतं? ते आधी पूर्ववत केलं. एंटर मारला आणि मला काही कळायच्या आत काम झालं. वेगाबद्दल भाचा खोटं बोलला नव्हता, हे मान्य करावंच लागेल.

निघाला मात्र एक टार. एलझेडफोर एका वेळी एकच फाईल दाबतं, त्याला फोल्डर कळत नाही. म्हणून सगळी पानं आधी टारमध्ये एकत्र बांधायची पद्धत आहे. टार सेव्हन-झिप नावाच्या सॉफ्टवेअरने सोडला, आणि पानं बाहेर पडली. आकार पाहिला. सव्वा जीबी! दाबलेली सव्वा जीबी, मोकळी केली तरी सव्वा जीबी.

"अरे, मग तू दाबलं काय?"

"मामा, ते जेपेग फोटो आहेत ना. जेपेग आधीच दाबलेलं असतं, त्यात आणखी काही दबत नाही."

"हे तुला माहीत होतं?"

"हो. पण सवय असते हाताला. आणि तीनच सेकंद लागतात."

रागवायला वेळ नव्हता, सौ. मागे उभी होती. आमच्या लग्नाची वही काढली. एरंडोलकरांचं नाव सापडलं आणि आहेराच्या रकान्यात दोन चिमुकल्या रेघा. वरच्या ओळीतही रेघा. त्याच्या वरही. पानाच्या माथ्यापर्यंत नुसत्या रेघा. मागचं पान उघडलं तर ते हळदीच्या खर्चाचं. मधलं पानच नाही. भाच्याने स्कॅन करताना दोन पानं एकत्र उलटली होती, घाईत.

ओसरीवर माय कुरडया उलटवत होती. आमचा गलका ऐकून आत आली. "काय व्हयनं रे? उघडनी का वही?"

सगळं सांगितलं.

"एकशे एक रुपया नि एक गंज," माय म्हणाली. "झाकण नव्हतं त्याले."

"आधी का नाही सांगितलं?"

"कोनी इचारं का मले?"

सौ.ने पिशवी घेतली आणि ऊन उतरायची वाट न पाहता मला बाजारात नेलं. भांड्यांच्या दुकानात तिने एक गंज उचलला, बोटाने वाजवून पाहिला, आणि दुकानदाराला विचारलं, "याचं झाकण तुम्ही ठेवून घेतलं, तर किती कमी होतील?"