कीबोर्ड कुणाच्या हातात असतो?

'मुलींना कोडिंगची आवड नसते' हे वाक्य मी पालकांकडून ऐकलंय, शिक्षकांकडून ऐकलंय आणि सगळ्यात जास्त खुद्द मुलींकडून ऐकलंय. मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यात हायस्कूलच्या मुलांना कॉम्प्युटर शिकवते. लॅबमध्ये काय घडतं ते रोज बघते, म्हणून लिहितेय.

एका मशीनवर तिघं बसतात. पहिल्याच मिनिटाला माऊस मुलाच्या हातात जातो आणि तास संपेपर्यंत तिथंच राहतो. मुलगी शेजारी बसून सुंदर अक्षरात जर्नल लिहिते. लेखी परीक्षेत तिला मार्कही जास्त पडतात, त्यामुळे कुणाला काही खटकत नाही. पण प्रोग्राम अडला की तो उलटसुलट करून बघायची, चूक हुडकून काढायची सवय त्याला लागलेली असते. तिला ती संधीच मिळालेली नसते. मग अकरावीला विषय निवडायच्या वेळी तीच हुशार मुलगी म्हणते, "टीचर, म्हाका तें जमचें ना."

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. १९४५-४६ मध्ये एनियाक या सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग सहा बायकांनी केलं होतं. अमेरिकेत १९८४ च्या सुमारास कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीधरांत ३७ टक्के मुली होत्या. पुढं हा आकडा घसरत जवळजवळ १८ टक्क्यांवर आला. त्याच काळात घरोघरी कॉम्प्युटर येत होते, त्यांच्या जाहिराती मुलग्यांसाठी होत्या आणि मशीनही बहुतेक मुलाच्याच खोलीत ठेवलं जायचं. कॉलेजात पहिल्या दिवशी मुलगे आधीच शिकून आलेले, मुली कोऱ्या. अमेरिकेतल्याच हार्वी मड कॉलेजनं मग सरळ दोन वर्ग केले, आधी प्रोग्रॅमिंग केलेल्यांचा वेगळा आणि नवख्यांचा वेगळा. अभ्यासक्रमही बदलला. काही वर्षांत तिथं कॉम्प्युटर सायन्स घेणाऱ्या मुली १० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेल्या. एवढ्या थोड्या वर्षांत मुलींची आवड कशी बदलेल? वर्ग बदलला होता.

आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या कॉम्प्युटर शाखेत मुली दिसतात, चांगल्या संख्येनं दिसतात, हे मला मान्य आहे. पण त्या कुठून येतात ते बघा. पणजी, म्हापसा, मडगाव, घरी लॅपटॉप, आईवडिलांपैकी एक तरी नोकरीत. सांगे, केपे, काणकोणच्या गावडा-वेळीप वाड्यांवरच्या, सत्तरीतल्या धनगर वस्त्यांवरच्या किती दिसतात? गावडा, कुणबी, वेळीप समाजांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, राखीव जागा आहेत. आयआयटीत २०१८ पासून मुलींसाठी जादा जागाही आहेत. ते हवंच होतं. पण त्या जागेपर्यंत जायची वाट सहावी-सातवीतच बंद होते.

त्यात भाषा येते. चौथीपर्यंत मराठीत किंवा कोकणीत शिकलेली मुलगी पाचवीला इंग्रजी माध्यमात जाते आणि लगेच सहावीत कोडिंग सुरू होतं. गोवा सरकारनं २०२१ मध्ये सहावी ते आठवीसाठी कोडिंग आणि रोबोटिक्सची केअर्स योजना आणली, ती मला मनापासून आवडते. पण मूल दोन अनोळखी भाषा एकदम शिकत असतं, हे वर्गात शिकवताना लक्षात ठेवावं लागतं. मी पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत पहिला प्रोग्राम मराठीत बोलायला लावते. पडद्यावर मजकूर दाखवणाऱ्या 'प्रिंट' या आज्ञेच्या कंसात मुली स्वतःच्या आज्जीचं नाव लिहितात, गावाचं नाव लिहितात आणि ते पडद्यावर आलं की दुसरा प्रोग्राम स्वतःहून मागतात.

आणि कृपा करून प्रत्येक गोष्ट 'शाळा सुटल्यावर क्लब' या नावाखाली ढकलू नका. शाळा सुटली की बालरथ निघतो. तो चुकला तर वाड्यावर जायला दुसरी बस कधी मिळेल सांगता येत नाही, आणि मुलीला उशिरापर्यंत थांबवायला कुठलं घर तयार होईल? क्लबमध्ये मग शाळेजवळची, स्कूटरवरून न्यायला येणारं कुणीतरी असलेली मुलंच उरतात. जे करायचं ते शाळेच्या वेळेतच करावं लागेल.

माझ्या लॅबमध्ये आता दर दहा मिनिटांनी माणूस बदलतो. घड्याळ लावते, घंटी वाजली की कीबोर्ड पुढच्याकडे. सुरुवातीला मुलगे कुरकुरले, मुलीही कुरकुरल्या, "त्यालाच करू दे, लवकर होईल" म्हणायच्या. मी ऐकलं नाही. आता घंटी वाजायच्या आधीच मुली हात पुढं करतात. यासाठी एक पैसा लागला नाही.

गोवा सरकारच्या सायबरएज योजनेत अकरावीच्या विद्यार्थ्यांच्या घरी कॉम्प्युटर पोचले तेव्हा त्यातले कितीतरी मुलींच्या नावावर आले होते. मुलीचं स्वतःचं मशीन ही गोष्ट गोव्यानं एकदा करून दाखवली आहे. ती पुन्हा व्हावी असं मला वाटतं, आणि या वेळी सुरुवात सहावीपासून व्हावी.

तोवर पालकांना एवढंच सांगते. पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या सभेत युनिफॉर्म आणि स्नेहसंमेलनाचं बोलून झालं की उठून विचारा: लॅबमधली किती मशिनं चालू आहेत, आणि एका तासात माझी मुलगी स्वतः कीबोर्डवर किती मिनिटं बसते?