तीन किलोच्या कुत्र्याला ‘अर्धी गोळी’ म्हणजे किती?

छोट्या कुत्र्यांच्या ‘नेहमीच्या’ दुखण्यांवर घरच्या घरी करायचे उपाय सांगणारा एक लांबलचक मेसेज कुत्री पाळणाऱ्यांच्या ग्रुपांवर फिरत असतो. त्याचा सूर असा: कुत्रा लहान, म्हणजे दुखणंही लहान, त्यासाठी डॉक्टरकडे धावायची गरज नाही, स्वयंपाकघरात आणि औषधांच्या डब्यात आहे तेवढ्यावर भागतं, आणि नैसर्गिक गोष्टींनी अपाय तर होतच नाही. पुढे ताप, गोचीड, उलट्या-जुलाब, खोकला, कान, दात, विषबाधा अशी यादी आणि प्रत्येकापुढे एक नुस्खा.

यातले एक-दोन नुस्खे खरंच चालतात. ते कुठले तेही सांगते, कारण झोडपायचंच म्हणून सगळं झोडपण्यात अर्थ नाही. पण मेसेजचा पायाच कच्चा आहे. कुत्रा जितका लहान, तितका चुकीला वाव कमी. हे एकदा आकडेमोड करून बघितलं की बाकीचं आपोआप कळतं, म्हणून तापापासून सुरुवात करू.

मेसेज म्हणतो, नाक कोरडं आणि गरम लागलं की ताप समजावा आणि माणसांच्या पॅरासिटामॉलची अर्धी गोळी द्यावी. नाकाचं काही खरं नसतं. नुकताच झोपून उठलेला किंवा उन्हात पसरलेला धडधाकट कुत्राही कोरड्या नाकाने फिरतो, आणि तापाने फणफणलेल्याचं नाक ओलं असू शकतं. ताप बघायचा तर डिजिटल थर्मामीटर घ्यावा, टोकाला थोडं व्हॅसलीन लावावं आणि गुदद्वारातून मोजावा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. म्हणजे ज्या आकड्याला आपण पांघरूण ओढून झोपतो, तो त्याचा रोजचा आकडा. 103 च्या वर गेलं तर ताप म्हणा; 104 ओलांडलं तर सकाळ उजाडायची वाट बघू नका.

आता ती अर्धी गोळी. 500 मिलिग्रॅमची गोळी मोडली की 250 उरतात. कुत्रा तीन किलोचा चिवावा असेल, तर किलोमागे 83 मिलिग्रॅम झाले. हाच हिशेब 60 किलोच्या माणसाला लावला तर एका वेळी दहा अख्ख्या गोळ्या होतात. दहा गोळ्या एकदम घ्या असं कोणी लिहिलं असतं तर कोणी पुढे पाठवलं असतं का? डॉक्टर काही वेळा कुत्र्यांना पॅरासिटामॉल देतात हे खरं आहे, पण किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅमच्या हिशेबाने, आणि यकृत ठीक आहे ना हे बघून. किलोमागे 75 ते 100 च्या घरात गेलं की विषबाधेची लक्षणं दिसू लागतात. यकृताला या औषधाचा निचरा करता येत नाही आणि त्याच्या पेशी मरायला लागतात. रक्तातलं हिमोग्लोबिनही बिघडतं आणि प्राणवायू वाहून न्यायचं सोडतं. हिरड्यांचा गुलाबी रंग जाऊन त्या तपकिरी, करड्या दिसायला लागतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. आणि हे सगळं कशापायी, तर कोरड्या नाकापायी.

लंगडणाऱ्या कुत्र्याला आयब्युप्रोफेन द्या, हा याच मुद्द्याचा धाकटा भाऊ. 400 मिलिग्रॅमची एक गोळी त्याच तीन किलोच्या कुत्र्याला दिली तर किलोमागे 133 मिलिग्रॅम होतात. याच्या कितीतरी कमी मात्रेलाही कुत्र्याच्या जठरात व्रण होतात. आधी उलटी, मग काळी डांबरासारखी शी, आणि मात्रा जास्त असेल तर मूत्रपिंडं जातात. छोट्या जातींमध्ये चालता चालता दोन पावलं मागचा पाय उचलून धरायचा आणि पुन्हा नीट चालायचं, असं दिसलं तर बहुतेकदा गुडघ्याची वाटी जागेवरून सरकत असते. गोळीने वाटी जागेवर बसत नाही. तपासणीत डॉक्टर हाताने चाचपून ती किती सरकते ते सांगू शकतात, आणि वजन आटोक्यात ठेवायचं की शस्त्रक्रिया करायची हे त्यावर ठरतं.

लसणाकडे येऊ, कारण मेसेजमधला सगळ्यात लाडका उपाय तोच. रोज एक पाकळी खायला घातली की गोचीड आणि पिसवा जवळ फिरकत नाहीत, असा दावा आहे. इथे दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती चालते. चुकून लसणाचा एखादा तुकडा चाटला म्हणून कुत्रा मरत नाही. घाबरून जायचं कारण नाही. पण कांदा-लसणातले गंधकयुक्त घटक कुत्र्याच्या तांबड्या पेशींना इजा करतात, आणि वजनाला वजन धरलं तर लसूण कांद्यापेक्षा जहाल. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात कुत्र्यांना किलोमागे रोज 5 ग्रॅम लसणाइतका अर्क सात दिवस दिला होता. त्यांच्या तांबड्या पेशी विद्रूप झाल्या आणि रक्तातलं त्यांचं प्रमाण घसरलं. रोजची एक पाकळी त्या मात्रेपेक्षा कमीच आहे, मान्य. पण मोठ्या कुत्र्याच्या पोटात जी पाकळी चिमूटभर ठरते, ती तीन किलोच्या कुत्र्यात किलोमागे ग्रॅमभराच्या आसपास जाते, आणि मेसेजमध्ये ‘रोज’ लिहिलंय, तेही आयुष्यभर. शिबा आणि अकिता यांच्यासारख्या जपानी जातींना तर हे आणखी लवकर बाधतं. त्रास लगेच दिसत नाही, काही दिवसांनी दिसतो. तोवर मालकाच्या डोक्यात लसणाचा विचारही नसतो.

बरं, एवढं करून गोचीड जातात का? कुत्र्याला सुरक्षित राहील अशा मात्रेत लसूण गोचीड रोखतो, असा पुरावा नाही. उलट गोचीड चावून बेबेसिया झाला तर तो परजीवी नेमक्या त्याच तांबड्या पेशी फोडतो. म्हणजे लसणाने एका बाजूने आणि गोचिडाने दुसऱ्या बाजूने, एकाच रक्तावर घाव.

गोचिडांवर मेसेजमध्ये आणखी एक जालीम उपाय आहे: टी ट्री तेल थेट अंगाला चोळा. हे वाचून मात्र मला राग आला. 2014 साली अमेरिकेतल्या एका पशुवैद्यकीय नियतकालिकात शुद्ध टी ट्री तेलाने विषबाधा झालेल्या प्राण्यांच्या दहा वर्षांच्या नोंदी तपासून प्रसिद्ध झाल्या, त्यात 337 कुत्री होती. तेल अंगाला लावल्यावर काही तासांत लाळ गळणं, अंगात थरथर, झोकांड्या जाणं, मागच्या पायांतली ताकद जाणं, अशी लक्षणं. काहींना तीन दिवसांपर्यंत. लहान कुत्र्याची कातडी त्याच्या वजनाच्या मानाने जास्त पसरलेली असते, त्यामुळे तेल अंगात मुरतंही जास्त. वर तो स्वतःला चाटून उरलेलं पोटात घालतो. गोचीड काढायचा असेल तर बारीक टोकाचा चिमटा घ्या, कातडीला टेकवून त्याला तोंडाशी पकडा आणि न पिळता सरळ, सावकाश ओढा. काडी लावणं, रॉकेल टाकणं, तेलात बुडवणं नको. डिवचलेला गोचीड सुटायच्या आधी पोटातलं कुत्र्याच्या अंगात ओकू शकतो.

उलट्या-जुलाबांवर मेसेजचा सल्ला: चोवीस तास पोटाला पूर्ण विश्रांती द्या, मग दूध द्या. दुधाचं आधी संपवते. बहुतेक मोठ्या झालेल्या कुत्र्यांना दुधातली साखर नीट पचत नाही. जुलाबावर दूध म्हणजे जुलाबच वाढवणं. उपाशी ठेवण्याचा सल्ला पूर्वी डॉक्टरही देत असत, त्यामुळे तो मेसेजमध्ये आला याचं नवल नाही. आता मात्र एखाद-दुसरी उलटी झालेल्या, बाकी हुशार असलेल्या मोठ्या कुत्र्याला काही तास थांबून थोडं थोडं हलकं खाणं सुरू करतात: बिनमिठाचं उकडलेलं चिकन, भात, किंवा साधा उकडलेला लाल भोपळा.

पण चिवावा, यॉर्की, पॉमेरेनियन, टॉय पूडल यांचं दोन-तीन महिन्यांचं पिल्लू असेल तर चोवीस तास सोडाच, अर्धा दिवसही उपाशी ठेवू नका. त्यांच्या यकृतात साखरेचा साठा नावापुरता असतो. तो संपला की पिल्लू आधी सुस्त होतं, मग पाय लटपटतात, मान टाकतं, झटके येतात. इथे मेसेजमधला एक उपाय बरोबर आहे, आणि तो प्रत्येकाला माहीत असायला हवा: अशा वेळी मध किंवा साखरेचं पाणी बोटावर घेऊन हिरड्यांना चोळायचं. बेशुद्ध पिल्लाच्या तोंडात ओतायचं नाही, फुफ्फुसात जाईल. आणि ते चोळत चोळतच गाडीत बसायचं, कारण पंधरा मिनिटांची तरतरी म्हणजे बरं होणं नव्हे. लसीकरण पूर्ण न झालेल्या पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब एकत्र होत असतील तर पार्व्हो या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची शंका आधी घ्यावी लागते. त्यावर घरगुती उपाय नाही. विषय संपला.

खोकल्यावर मध आणि आलं. थोड्या मधाने मोठ्या कुत्र्याला अपाय होत नाही, त्यामुळे हा नुस्खा सगळ्यात निरुपद्रवी वाटतो. धोका मधाचा नाही, मध चाटवण्यात गेलेल्या महिन्यांचा आहे. छोट्या कुत्र्याच्या खोकल्यामागे बहुतेकदा दोनपैकी एक गोष्ट निघते. एक म्हणजे श्वासनलिकेच्या कूर्चेच्या कड्या ढिल्या पडून ती चपटी होणं. उत्साहात आलं की किंवा गळपट्ट्याला ओढ बसली की बदकासारखा ‘हाँक हाँक’ आवाज येतो. यॉर्की आणि पॉमेरेनियन पाळणाऱ्यांना तो ओळखीचा असतो. यात घरी करण्यासारखं बरंच आहे: गळपट्टा काढून छातीचा हार्नेस, वजन कमी, घरात सिगारेट आणि उदबत्ती बंद.

दुसरी गोष्ट हृदयाची. वय वाढलेल्या छोट्या कुत्र्यांमध्ये हृदयाची डावी झडप जाड होऊन गळू लागणं फार आढळतं. सुरुवातीला काहीच दिसत नाही, डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपला तेवढी कुरकुर ऐकू येते. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या ‘एपिक’ नावाच्या चाचणीत असं दिसलं, की हृदय मोठं झालंय पण अजून निकामी झालेलं नाही अशा कुत्र्यांना पिमोबेंडन हे औषध वेळेत सुरू केलं तर हृदय निकामी होण्याची वेळ सरासरी पंधरा महिन्यांनी लांबते. छोट्या कुत्र्याच्या आयुष्यात पंधरा महिने म्हणजे पुष्कळ झाले. घरी करायचंच असेल तर हे करा: कुत्रा गाढ झोपला की छाती किती वेळा वर-खाली होते ते एक मिनिट मोजा. तीसच्या खाली असायला हवं. रोज लिहून ठेवा. आकडा चढत चालला, तर फुफ्फुसात पाणी जमतंय का हे त्याच दिवशी बघायला हवं. एवढ्या साध्या मोजणीचा मेसेजमध्ये पत्ताच नाही.

कानात व्हिनेगर: नको. कान दुखतोय तो यीस्टने, जिवाणूंनी की आत गवताचं कुसळ अडकल्याने, हे नुसत्या वासावरून कळत नाही, आणि पडदा फाटलेला असेल तर ते व्हिनेगर मधल्या कानात उतरतं. दात माणसांच्या टूथपेस्टने घासू नका, कारण कुत्र्याला चूळ भरता येत नाही, तो सगळं गिळतो. कुत्र्यांसाठीची पेस्ट मिळते. खोबरेल तेलाने कीटण निघत नाही. कडक हाडांनी कधी निघतं, सोबत दाढेचा टवकाही.

राहिली विषबाधा. कुत्र्याने चॉकलेट, द्राक्षं, च्युइंगम काहीही खाल्लं की चमचाभर मीठ पाण्यात कालवून पाजा आणि उलटी काढा, असं मेसेज म्हणतो. चमचाभर मीठ म्हणजे साधारण सहा ग्रॅम, म्हणजे आपल्या तीन किलोच्या कुत्र्यात किलोमागे दोन ग्रॅम. मिठाची विषबाधा इथूनच सुरू होते, आणि किलोमागे चार ग्रॅमला जीव जाऊ शकतो. उलटी झाली नाही म्हणून लोक दुसरा चमचा देतात. हायड्रोजन पेरॉक्साइडने उलटी होते खरी, पण जठराचं अस्तर भाजून. आणि पग, शिट्झू अशा चपट्या तोंडाच्या कुत्र्यांमध्ये उलटी फुफ्फुसात जायची भीती जास्त. ॲसिड, रॉकेल असं काही पोटात गेलं असेल किंवा कुत्रा आधीच गुंगलेला असेल, तर उलटी काढायचीच नसते. डॉक्टरांकडे त्यासाठी इंजेक्शन असतं, पण ते खाल्ल्यापासून पहिल्या एक-दोन तासांतच खऱ्या अर्थाने उपयोगी पडतं. झायलिटॉल (साखरेऐवजी घातला जाणारा गोड पदार्थ) असलेल्या च्युइंगमच्या बाबतीत तेवढाही वेळ नसतो: किलोमागे 0.1 ग्रॅमला कुत्र्याच्या रक्तातली साखर कोसळते, आणि काही च्युइंगमच्या एकाच गोळीत तीन किलोच्या कुत्र्याला पुरून उरेल इतकं असतं.

म्हणून आधी फोन. फोनवर चार गोष्टी सांगा: कुत्र्याचं वजन, काय खाल्लं, किती खाल्लं, किती वाजता. वेष्टन फेकू नका, सोबत न्या. त्यावर घटक छापलेले असतात. उलटी आपोआप झाली असेल तर तीही पिशवीत भरून न्या, लाज वाटून घेऊ नका.